परतफेडीचा नियम

वेलिनला त्या रविवारी घराबाहेर पडायचंच नव्हतं. गुडघे बोलत होते, इस्त्री केलेला एकही शर्ट घरात नव्हता, आणि ज्या माणसानं तीस वर्षांत एका शब्दानं विचारलं नाही त्याच्या शेजारी खुर्ची मांडून लोकांसमोर हसायचं, हे काय त्याचं वय होतं? पण यासेनानं पिच्छा पुरवला. यासेनाचं डॅन्यूबकाठच्या रूसे शहरात औषधांचं दुकान. अंतराळातल्या कादंबऱ्यांचं वेड इतकं, की खोकल्याचं औषध देतादेता गिऱ्हाइकाला परग्रहावरची गोष्ट ऐकवायची. शहरातल्या विज्ञानकथावाल्यांचं मंडळ तीच चालवते.

"सर, स्पास जर्मनीहून निघालासुद्धा! तुम्ही नाही आलात तर मी लोकांना काय सांगू?"

"मेला म्हणून सांग. दारावर काळ्या चौकटीचा कागद चिकटव माझ्या नावाचा."

"तो चिकटवायला अजून वेळ आहे. अकराला या. आणि दाढी करा."

या सगळ्याचं मूळ असं. तरुणपणी वेलिन आणि स्पास या दोघांनी मिळून एक कादंबरी लिहिली होती, 'दोन चंद्र' नावाची, दोन भागांत. वेलिन तंत्रनिकेतनात गणित शिकवायचा, स्पास छापखान्यात मुद्रितं तपासायचा. कादंबरीतलं युद्ध वेलिनचं, वाक्यं स्पासची. स्पासची धाकटी बहीण दोब्रिंका, घरातली दोब्रा, मध्ये बसून दोघांची भांडणं सोडवायची. सोडवतासोडवता तिनं वेलिनशी लग्न केलं. तिसऱ्या भागाचं नुसतं बोलणं झालं होतं, तेवढ्यात स्पासनं सीमा ओलांडून पळायचा घाट घातला. बेत घरातल्या तिघांनाच ठाऊक. पण तारेच्या कुंपणापाशी दोन शिपाई आधीच दबा धरून बसलेले! दोन वर्षं आत काढून आला तो निम्मा होऊनच. पुढं राज्य बदललं, दारं उघडली, आणि तो राजरोस तिकीट काढून न्युरेंबर्गला निघून गेला.

तिथं कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, की तुला धरून देणारा तुझ्या घरातलाच होता. मग तो एकदाच आला. खानावळीत वेलिनच्या समोर बसला आणि हळूच विचारलं, "तू सांगितलंस का त्यांना?" वेलिननं नाही म्हटलं. स्पास उठला, कोट घातला आणि गेला. तो गेलाच. दोब्रिंका फोन करायची, तो उचलून ठेवून द्यायचा. ती गेली तेव्हा वेलिननं कळवलं, तरी आला नाही. माणसाला राग यावा, मान्य आहे. पण सख्ख्या बहिणीला खांदा द्यायला येऊ नये?

वेलिनच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली होती. मी नाही म्हटलं आणि यानं मला खोटं ठरवलं. मरायच्या आधी स्पासच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं त्याला, "तू ते केलं नव्हतंस." बाकी काही नको. त्या एका वाक्यासाठी तो शेवटी बिनइस्त्रीचा शर्ट घालून, वर स्वेटर चढवून निघाला.

वाचनालयाच्या हॉलमध्ये साठएक माणसं जमली होती. स्पास पुढच्या रांगेत बसला होता. केवढा वाळला होता! वेलिनला बघून तो उठला, हात पुढं केला. वेलिननं तो धरला.

"जाडा झालास, दाजी."

"तू झाला नाहीस. जर्मन लोक खायला घालत नाहीत वाटतं."

एवढंच बोलणं झालं. तेवढ्यात यासेना आली, "कॉफी आणू?" स्पासनं मान डावीउजवीकडे हलवली. ती कॉफी घेऊन आली. स्पास कपाकडे बघत राहिला.

"मी नको म्हटलं होतं, बाई."

"अहो, मग मान कशाला हलवलीत?"

सगळे खोखो हसले. आमच्याकडे मान आडवी हलली की हो, आणि वर झटकली की नाही. बाकीच्या जगानं ते उलटं का करून ठेवलंय ते त्यांचं त्यांना ठाऊक. स्पासची मान इतक्या वर्षांत पार जर्मन झाली होती. त्यानं कपाळावर हात मारला आणि कॉफी पिऊन टाकली.

मग वेलिनला फळ्यापाशी उभं केलं. लोकांना त्याच्या युद्धाचं गणित ऐकायचं होतं. त्याला बोलायचाही कंटाळा आला होता, पण खडू हातात आला की मास्तर जागा होतोच. त्यानं दोन गोल काढले.

"हा थोरला चंद्र, हा धाकटा. दरवर्षी प्रत्येकाकडे दोनच वाटा. गप्प बसायचं, नाहीतर मारायचं. दोघे गप्प बसले तर दोघांचं बरं चालतं. एकानं मारलं आणि दुसरा गप्प राहिला, तर मारणाऱ्याची चांदी. दोघांनी मारलं तर दोघांचं वाटोळं. आता गंमत बघा. दुसरा गप्प बसणार असेल तर मारण्यात माझा फायदा. दुसरा मारणार असेल तर गप्प बसून मी मूर्ख ठरतो. म्हणजे दोन्हीकडून मारणंच शहाणपणाचं. दोघेही शहाणे, म्हणून दोघेही मरतात."

"आमच्या बिल्डिंगची लिफ्ट अशीच बंद पडलीय, सर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"लिफ्ट निदान बंद पडून राहते. युद्ध चालू राहतं." वेलिननं चष्मा पुसला. "विज्ञानकथेत लोक युद्ध म्हणजे नवी नवी हत्यारं दाखवतात. आम्ही म्हटलं, हत्यारं जाऊ देत खड्ड्यात. दोन माणसं एकमेकांबद्दल काय विचार करतात तेवढं दाखवू, चंद्र नुसते नावाला. त्यांना आम्ही एकच नियम दिला. परतफेड. सुरुवात चांगुलपणानं करायची, आणि पुढं समोरच्यानं गेल्या वर्षी जे केलं तेच यंदा आपण करायचं. तो गप्प, तर आपण गप्प. त्यानं मारलं, तर आपण मारायचं. भोळा नियम नाही आणि दुष्टही नाही. पहिल्या भागात दोन्ही चंद्र त्यावर सुखानं नांदतात."

"मग दुसऱ्यात काय माशी शिंकली?" एका दाढीवाल्यानं विचारलं.

"धाकट्या चंद्रावर माणूस गेला की त्याची राख गोळ्यात भरून आभाळात सोडतात. एकदा असा गोळा भरकटला आणि थोरल्यावर जाऊन आदळला. थोरल्याला वाटलं, यानं मारलं. पुढच्या वर्षी त्यानं मारलं. त्याच्या पुढच्या वर्षी धाकट्यानं. मग एक वर्ष हा मारतो, एक वर्ष तो. पिढ्या गेल्या, चालूच. दोघे नियमानं वागतायत, आणि दोघेही छातीवर हात ठेवून सांगतात की सुरुवात त्यानं केली."

"मग चूक कुणाची, सर?"

"कुणाचीच नाही. तोच तर वैताग आहे."

"पण थांबणार कसं ते?"

वेलिन थकून टेबलाला टेकला. "गणितात उत्तर आहे. ज्या जगात ऐकण्यात, बघण्यात चूक होऊ शकते तिथं नुसती परतफेड चालत नाही. कधीमधी, काही कारण नसताना, एक मार सोडून द्यायचा. पलटून मारायचं नाही, की साखळी तुटते. वर्षानुवर्षं मी हे पोरांना शिकवलं. फळ्यावर फार सोपं आहे."

तेव्हा स्पासनं हात वर केला. माइक घेतला.

"तिसरा भाग आम्ही लिहिलाच नाही," तो म्हणाला. "पण तो हाच होता. दोघांतला एकजण सोडून देतो. ते पान माझ्या वाटणीला होतं आणि मला जमत नव्हतं. सोडून देताना माणसाला आतून काय होतं ते ठाऊक नव्हतं ना. आता ठाऊक आहे."

आणि त्यानं वेलिनकडे बघितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, यासेनाचे तर डोळे भरून आले. वेलिनच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. सोडून देणारा हा कोण टिकोजीराव? मी याचं काय केलं होतं, की यानं उदार होऊन सोडावं?

दुपारी दोघेच नदीकाठच्या खानावळीत जाऊन बसले. यासेनानं शहाणपणानं बाकीच्यांना वाटेला लावलं होतं. बाहेर डॅन्यूबवरून मालाच्या होड्या चालल्या होत्या. स्पासनं वजडीचा रस्सा मागवला, वरून लसूण घातलेला व्हिनेगर, भरपूर तिखट आणि राकियाचे, म्हणजे फळांच्या दारूचे, दोन पेले.

"डॉक्टर काय म्हणतो?" वेलिननं विचारलं.

"छातीत स्प्रिंगा बसवल्यात. म्हणतो, प्रवास करू नका, दारू नको, तिखट नको, त्रास करून घेऊ नका. म्हटलं, मग जगू कशाला?" त्यानं पेला उचलला. "ऐक, वेलिन. मी बोलतो, मध्ये तोंड घालू नकोस. एका दमात झालं नाही तर पुन्हा जमायचं नाही."

वेलिननं चमचा खाली ठेवला.

"मी तुला माफ केलंय. आज नाही, तिथंच केलं, कधीच. तुला सांगायला तेवढा आलोय. मनातल्या मनात तुला मी या नदीत किती वेळा बुडवलाय, मोजदाद नाही. पण दरवेळी एक गोष्ट आडवी यायची. तू खोटं बोलला नाहीस. मी विचारलं, 'तू सांगितलंस का त्यांना?' आणि तू माझ्या डोळ्याला डोळा देऊन मान हलवलीस. अशी." स्पासनं मान सावकाश डावीकडून उजवीकडे नेली आणि परत आणली. "दुसरा असता तर आईच्या शपथा घातल्या असत्या. तू कबूल झालास. म्हटलं, भित्रा असेल, खोटारडा नाही. नंतर गुप्त पोलिसांची दप्तरं उघडली तेव्हा लोक म्हणाले, जा, बघून ये. कशाला बघायचं? तू स्वतःच सांगितलं होतंस. त्या एका मानेला धरून मी इथवर आलो रे."

वेलिनला आधी काही उमजेचना. मग उमजलं.

तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. स्पास तेव्हा चार वर्षं जर्मनीत राहून आलेला. जेवताना तो पावाला मान हलवून नको म्हणाला आणि वेटरनं दोनदा पाव आणून ठेवला. वेलिन हसून हसून बेजार झाला होता. मग स्पासनं तो प्रश्न विचारला. शेजारच्या टेबलावर जुन्या राजवटीतला एक खबऱ्या कान देऊन बसला होता, उघड बोलायची सोय नव्हती, आणि सवय तर त्याहून नव्हती. तेव्हा वेलिननं विचार केला, याची मान आता तिकडची झालीय, याला कळेल असंच सांगावं. म्हणून त्यानं मुद्दाम, सावकाश, जर्मनांसारखी मान हलवली. नाही. नाही सांगितलं. आणि समोर बसलेल्या स्पासनं विचार केला, हा तर आपला वेलिन, हा आपल्यासारखीच मान हलवणार.

दोघांनीही एकमेकांचा विचार केला होता. केला नसता तर बरं झालं असतं. कप्पाळ!

एक वाक्य बोललं की झालं. मी निर्दोष, तू चुकलास. याच एका गोष्टीसाठी वेलिन तीस वर्षं जळत होता. तोंड उघडलंही त्यानं. पण समोर स्पास कागदी रुमालानं डोळे टिपत होता. याला आता काय सांगायचं? की बाबा रे, बहिणीचे फोन आपटलेस, तिच्या मातीला आला नाहीस, ते सगळं एका मानेपायी? छातीतल्या स्प्रिंगा तरी टिकतील का? आणि खरं सांगायचं तर वेलिन दमला होता. आपण निर्दोष आहोत हे पटवून द्यायलाही अंगात रग लागते. माफी मिळतेय ना, घ्यावी. चुकीच्या पत्त्यावर आली असली तरी घ्यावी आणि घरी जाऊन पडावं.

"बरं झालं आलास," तो म्हणाला.

स्पासनं त्याचा हात दाबला. दोघे रस्सा खाऊ लागले. गरम रस्सा पोटात गेला तसं वेलिनला हलकंही वाटलं. त्याच्या मनात आलं, तिसरा भाग असाच संपला असता.

तेवढ्यात स्पास बोलला. "दोब्राचं मात्र मला अजून जमलेलं नाही. तुझं कळतं. तुला दमात घेतलं असेल, नोकरीची भीती घातली असेल. पण ती? तिला ठाऊक होतं ना सगळं? भाऊ आत सडतोय, आणि ही त्याला धरून देणाऱ्याच्या शर्टांना बटणं लावत बसली. फोन यायचा तेव्हा मी म्हणायचो, कुठल्या तोंडानं करते ही? तिला मी माफ नाही करू शकलो. तुझ्यासमोर खोटं कशाला बोलू?"

वेलिनचा घास तोंडातच राहिला.

दोब्रिंका दर महिन्याला डुकराची चरबी, कांदे आणि लोकरीचे मोजे घेऊन तुरुंगाच्या दाराशी उभी राहायची. बर्फात. कधी आत घ्यायचे, कधी नुसतंच हाकलून द्यायचे. परत येऊन चुलीपाशी बसायची आणि म्हणायची, "दादाचे हात सुजलेत." अशा बाईला हा माणूस गुन्हेगार ठरवत होता, आणि वेलिनची गप्प बसायची हौस त्याला हातभार लावत होती. स्वतःला काहीही म्हणवून घेतलं असतं त्यानं. पण हे नाही.

"स्पास, मी नाही म्हटलं होतं."

"कशाला?"

"तुझ्या प्रश्नाला. मी तुला जर्मनांची मान दाखवली. दिवसभर तू तशीच हलवत होतास. वेटरनं पाव आणला होता, आठवतं? मी म्हटलं, तुला कळेल अशी हलवावी. मी नाही म्हणालो, मेव्हण्या. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आणि दोब्राला ठाऊक असायला काही नव्हतंच."

स्पासचा चेहरा आधी नुसता कोरा झाला, मग लाल.

"तीस वर्षांनी सुचलं होय हे? छान आहे. माफी खिशात टाकलीस आणि आता वर निर्दोषही व्हायचंय?"

"सुचलं नाही. आत्ता कळलं, तू मान करून दाखवलीस तेव्हा."

"पुरावा?"

"नाही." वेलिनचा आवाज चढला. शेजारचे लोक बघायला लागले, बघू देत. "पण डोकं वापर जरा. युद्ध रचलंय आपण दोघांनी, कोण कधी खोटं बोलतो ते तुला शिकवायला नको. तू मला माफ करून बसला होतास. मी गुन्हेगार राहण्यातच माझं भलं होतं, रस्सा संपवून घरी गेलो असतो. खोटं बोलून मला आता काय मिळणार? तुझ्या शिव्या?"

स्पास हिशोब करत होता, ते दिसत होतं. एकेक वाट तो तपासून बघत होता, जसा पूर्वी कादंबरीतली वाक्यं तपासायचा. आणि कुठल्याही वाटेनं गेलं तरी वेलिनच्या खोटं बोलण्यात वेलिनचा फायदा निघत नव्हता. शेवटी त्यानं पेला बाजूला सारला.

"तू ते केलं नव्हतंस," तो म्हणाला.

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य आलं, आणि वेलिनला काडीचा आनंद झाला नाही.

"गाढवा," स्पास ओरडला, "तोंड होतं ना तुला? तोंडानं का नाही बोललास?"

"बाजूला कोण बसलं होतं विसरलास? आणि तू? तू दुसऱ्यांदा का नाही विचारलंस? मी पाव नको म्हटलं असतं तरी तू दोनदा विचारलं असतंस!"

वेटर येऊन काही हवं का विचारून गेला, दोघांनीही मान हलवली नाही, "काही नको" असं तोंडानं सांगितलं.

"मग कुणी सांगितलं त्यांना?"

"ठाऊक नाही. कुणीतरी. तू दुकानातून होकायंत्र विकत घेतलं होतंस, बावळटा. दुकानदारानं सांगितलं असेल."

स्पास खुर्चीत खचून बसला. कोटाच्या आत कुणी नाहीच असं वाटावं इतका.

"ती 'दादा' म्हणायची आणि मी फोन ठेवायचो," तो म्हणाला. "पुढं काय म्हणणार होती ते एकदाही ऐकलं नाही. एकदा नाताळात तीन वेळा केला होता. तीनदा ठेवला."

वेलिननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार? रागवायलाही आता त्याच्यात त्राण नव्हतं. स्पास खाली बघतच म्हणाला,

"वेलिन, ती गेली कशानं?"

वेलिन त्याच्याकडे बघत राहिला. सख्खा भाऊ. बहिणीला मातीत जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ती कशानं गेली हे यानं कुणाला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तिच्याबद्दल काही वाटतं असं झालं असतं ना.

वेलिननं गार झालेला रस्सा बाजूला केला, खुर्ची जवळ ओढली आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला लागला.

"आधी तिला जिना चढताना धाप लागायला लागली..."